दुसऱ्या कोणाची तरी चिठ्ठी

आमच्या साप्ताहिक प्रार्थनासभेच्या शेवटच्या दहा मिनिटांत एक लहानशी टोपली हातोहात फिरते. ज्याला जी विनंती करायची असेल ती त्याने कागदाच्या चिठ्ठीवर लिहायची, नाव घालायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवायचे आणि घडी घालून चिठ्ठी टोपलीत टाकायची. टोपली दुसऱ्यांदा आली की प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची, घरी न्यायची आणि आठवडाभर त्या विनंतीसाठी प्रार्थना करायची. त्या संध्याकाळी मी लिहिले होते : ‘माझ्यासाठी. रात्री छाती धडधडते, श्वास पुरत नाही, झोप लागत नाही.’ चिठ्ठीची चौपदरी घडी घातली, टोपली माझ्या शेजारच्या खुर्चीपर्यंत आली आणि तेवढ्या अवधीत मी दुसरा कागद घेऊन त्यावर घाईघाईने लिहिले, ‘घरातल्या सर्वांच्या आरोग्यासाठी.’ टोपलीत पडली ती ही दुसरी चिठ्ठी. पहिली माझ्या मुठीत राहिली. टोपली दुसऱ्यांदा आली तेव्हा मी दुसऱ्या हाताने जी चिठ्ठी उचलली, ती उघडून पाहिली आणि क्षणभर मला वाटले की चुकून माझीच पडली असावी. निळ्या शाईत, पेन दाबून, जणू लिहिणाऱ्याला अक्षर कागदातून आरपार न्यायचे होते, अशी दोन वाक्ये होती : ‘मला भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही.’ मी मूठ उघडली. माझी चिठ्ठी तिथेच होती, घामाने ओलसर झालेली आणि शाई घडीच्या रेषेवर पसरलेली.

घरी येताना त्या दोन चिठ्ठ्या माझ्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, दोन वेगवेगळ्या पानांत होत्या, आणि मनात एकच प्रश्न होता. ज्या माणसांसोबत मी इतकी वर्षे गुडघे टेकले, ज्यांच्या घरची दुखणी, परीक्षा, नोकऱ्या आणि मरणे मी नावानिशी देवापुढे नेली, त्यांच्यापुढे स्वतःविषयीची एक ओळ ठेवायला मला लाज कशाची वाटली?

उत्तर शोधायला फार दूर जावे लागले नाही. संडे स्कूलमध्ये असताना एक शब्द माझ्या मनात रुतून बसला होता : अल्पविश्वासी. डोंगरावरच्या प्रवचनात आकाशातली पाखरे आणि रानातली फुले दाखवून झाल्यावर प्रभू येशू ऐकणाऱ्यांना हाच शब्द वापरतो. लहानपणी मला तो वर्गशिक्षकाने हजेरीपटावर मारलेल्या लाल शेऱ्यासारखा वाटे. पुढे तोंडपाठ वचनांची संख्या वाढली तसा तो शेरा अधिकच गडद होत गेला, कारण ज्याला कमी ठाऊक आहे त्याच्या भीतीला काही सबब तरी असते. माझ्याकडे तीही नव्हती. ‘कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका’ हे फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायातले सहावे वचन मी कितीतरी जणांना सांगितले आहे, रुग्णांच्या उशाशी वाचले आहे, वाढदिवसाच्या कार्डांवर लिहिले आहे. तेच वचन पहाटे तीन वाजता माझ्या अंगावर आरोपासारखे येत असे.

पहाटेचे तीन म्हणजे काय, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सांगायला नको. जाग येण्याचे कारण नसते. घरात शांतता असते, शेजारच्या माणसाचा श्वास संथ चाललेला असतो आणि आपले हृदय मात्र जिना धावत चढून आल्यासारखे आपटत असते. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. ओठांभोवती बधिरपणा येतो. आपण अधिक हवा आत ओढू पाहतो आणि जितकी ओढू तितकी ती अपुरी वाटते. हा सगळा प्रकार शरीराच्या जुन्या संरक्षणयंत्रणेचा आहे, संकट समोर नसतानाही ती सुरू होते, ॲड्रेनलिन रक्तात मिसळते, उथळ आणि जलद श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यातूनच त्या मुंग्या येतात, हे मला डॉक्टरांनी पुढे समजावून सांगितले. पण त्या घटकेला ही माहिती नसते. त्या घटकेला फक्त इतकेच कळते की काहीतरी भयंकर होणार आहे आणि ते कळलेला माणूस या घरात मी एकटीच आहे. अशा वेळी मी प्रार्थना करीत असे, पण ती प्रार्थना कशी होती हे आज प्रामाणिकपणे सांगायला हवे. ‘प्रभू, असे होऊ देऊ नकोस, आणि तसे झाले तर हे होईल, तेही होऊ देऊ नकोस, आणि हे झाले तर पुढे...’ अशी ती गोल गोल फिरत राहायची. ती माझी चिंताच होती. तिच्या आरंभी मी देवाचे नाव आणि शेवटी आमेन जोडले होते, एवढेच. तासाभराने मी अधिक थकलेली असे, आणि इतकी प्रार्थना करूनही शांती नाही म्हणजे दोष माझ्या विश्वासातच आहे, हा निष्कर्ष पुन्हा एकदा पक्का झालेला असे.

ते निळ्या शाईचे वाक्य घरी आले त्या रात्री मी फिलिप्पैकरांस पत्र वचनाऐवजी पत्र म्हणून वाचले, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. चारच अध्याय आहेत. वाचायला अर्धा तासही लागत नाही. लिहिणारा प्रेषित पौल बंदिवासात आहे, आपल्या बेड्यांचा उल्लेख तो पहिल्याच अध्यायात पुन्हा पुन्हा करतो आणि आपण जगू की मरू हे त्याला ठाऊक नाही. ज्यांना लिहितो आहे त्या फिलिप्पै नगरातही तो पूर्वी तुरुंगात पडला होता; प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात तो आणि त्याचा सोबती सीला पाय खोड्यात अडकलेले असताना मध्यरात्रीच्या सुमारास प्रार्थना करीत आणि स्तोत्रे गात होते, असे लिहिले आहे. त्या ओळीला जोडून आणखी एक छोटे वाक्य आहे, जे मी इतकी वर्षे वाचूनही पाहिले नव्हते : इतर कैदी ते ऐकत होते. मध्यरात्री, अंधारात, दुसऱ्या कोणाची तरी प्रार्थना ऐकणारी माणसे. त्यांच्याविषयी शास्त्र पुढे फारसे काही सांगत नाही. त्या रात्री मला त्यांच्यातलीच एक झाल्यासारखे वाटले.

मूळ ग्रीक भाषेत चौथ्या अध्यायात चिंतेसाठी जे क्रियापद आहे, तेच पौलाने याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आपला सहकारी तीमथ्य याची स्तुती करताना वापरले आहे : तुमची खरी काळजी करील असा त्याच्यासारखा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. एकच शब्द एका ठिकाणी टाळायला सांगितलेला आणि दुसऱ्या ठिकाणी गौरवलेला. आणि करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, फटके, दगडमार, गलबत फुटणे, उपासमार अशी आपल्या हालअपेष्टांची यादी संपवताना हाच पौल म्हणतो की या सगळ्याशिवाय सर्व मंडळ्यांविषयीची, म्हणजे ठिकठिकाणच्या विश्वासी समुदायांविषयीची, चिंता रोज माझ्यावर दाटून येते. तिथेही शब्द त्याच कुळातला आहे. ‘चिंताक्रांत होऊ नका’ असे लिहिणारा माणूस रोज चिंता अनुभवत होता आणि ते त्याने लपवले नाही. हे लक्षात आल्यावर मी शास्त्र मिटून बराच वेळ तशीच बसून राहिले. ज्या वाक्याला मी इतकी वर्षे न्यायाधीशाचे वाक्य समजत होते, ते माझ्यासारखीच रात्र काढलेल्या माणसाचे होते.

मराठीत हा गुंता आणखी सुंदर आहे. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. क्रियापद बदलले की एकाच शब्दाचे पोट बदलते. काळजी करणारा आपल्याच मनात कोंडलेला असतो; काळजी घेणाऱ्याचा हात दुसऱ्यापर्यंत पोहोचलेला असतो. पेत्राच्या पहिल्या पत्रातले वचन आपल्या शास्त्रात असे आहे की त्याच्यावर आपली सर्व चिंता टाका, कारण तो तुमची काळजी घेतो. मला कधी कधी वाटते की ते पूर्ण मराठमोळे करून ‘तुम्ही करता ती काळजी त्याच्यावर टाका, कारण काळजी घेणारा तो आहे’ असे म्हणावे. त्यातले ‘टाका’ हे क्रियापदही पाहण्यासारखे आहे. मूळ ग्रीक शब्द नव्या करारात अवघ्या दोन ठिकाणी येतो, एकदा इथे आणि एकदा लूकच्या शुभवर्तमानात, जिथे शिष्य आपली वस्त्रे शिंगराच्या पाठीवर टाकतात आणि येशूला त्यावर बसवतात. अंगावरचे वस्त्र काढून दुसऱ्याच्या पाठीवर टाकणे : इतकी साधी, शारीरिक, दोन्ही हातांनी करायची ती गोष्ट आहे. शिवाय हे वचन स्वतंत्र आज्ञा म्हणून येत नाही. आधीच्या ओळीत ‘देवाच्या पराक्रमी हाताखाली लीन व्हा’ असे आहे आणि चिंता टाकणे हे त्या लीन होण्याचाच भाग म्हणून आले आहे. म्हणजे ओझे स्वतःजवळ धरून ठेवण्यात एक प्रकारचा ताठा असतो. मुठीत चुरगळलेली माझी चिठ्ठी मला आठवली. मी तिला लाज म्हणत होते. तिच्यात ताठाही होताच.

डॉक्टरांकडे जायला मला याहून अधिक काळ लागला, आणि त्याविषयी बोलताना मन अजूनही दुखते. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या व्यक्तीला मी विश्वासाने सांगितले होते की मला औषध सुरू करण्याचा सल्ला मिळाला आहे. त्यांनी प्रेमानेच, डोक्यावर हात ठेवून म्हटले, ‘गोळ्या कशाला? गुडघे टेक, प्रभू समर्थ आहे.’ त्यांच्या प्रेमाविषयी मला शंका नाही. पण त्या वाक्याने मी पुढचे कित्येक महिने औषधाची चिठ्ठी कपाटात ठेवून दिली आणि रात्री तशाच काढल्या. आज मला तीव्रतेने वाटते की चिंतेने आजारी पडलेल्या माणसाला असे सांगणे हा अन्याय आहे, आणि तो देवाच्या नावाने होतो म्हणून अधिक मोठा आहे. मधुमेह झालेल्याला किंवा हाड मोडलेल्याला आपण असे सांगत नाही. कलस्सैकरांस पत्रात पौल ज्या लूकला प्रिय म्हणतो तो वैद्यच होता. आणि एलीयाची गोष्ट तर मी लहानपणापासून ऐकलेली. तिच्यातला महत्त्वाचा भाग मात्र मला फार उशिरा दिसला.

कर्मेल डोंगरावरच्या विजयानंतर, ईजबेल राणीची धमकी ऐकून, हा धाडसी संदेष्टा जीव घेऊन पळतो, रानात एक दिवसाची वाट चालून रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि देवाजवळ मरण मागतो. पहिल्या राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. देव काय करतो? त्याला बोल लावत नाही, कर्मेलाची आठवण करून देत नाही, वचन पाठ म्हणायला सांगत नाही. एलीया झोपतो. देवदूत त्याला स्पर्श करून उठवतो; उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई असते. तो खातो, पितो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा खायला सांगतो आणि कारण देतो की पुढची वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. चाळीस दिवसांच्या त्या वाटेनंतर होरेब डोंगरावर वारा, भूकंप आणि अग्नी होऊन जातात आणि मग तो शांत, मंद स्वर येतो. मंद स्वर आधी आला नाही. आधी झोप आली, अन्न आले, पाणी आले आणि स्पर्श आला. मी पहिली गोळी घेतली त्या रात्री पाण्याचा पेला हातात धरून हाच शास्त्रभाग मनात म्हटला. औषधाचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, असे मला आधीच सांगितले होते आणि तसेच झाले. समुपदेशकाने शिकवलेली एक गोष्ट त्याआधीच उपयोगी पडू लागली : श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, म्हणजे व्हेगस नावाच्या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती हळूहळू उतरते.

या लांब उच्छ्वासात मला एक प्राचीन प्रार्थना सापडली. पाचव्या शतकाच्या आरंभी जॉन कॅसियन या मठवासी लेखकाने रानात राहणाऱ्या तपस्व्यांचा एक सल्ला लिहून ठेवला आहे : मन भटकू लागले, भीती दाटली, झोप आली नाही, काहीही झाले तरी सत्तराव्या स्तोत्राची पहिली ओळ म्हणत राहा, हे देवा, माझ्या साहाय्याला ये, हे परमेश्वरा, त्वरा कर. जगभरच्या मठांत दिवसाच्या नेमलेल्या प्रार्थनांचा आरंभ आजही याच शब्दांनी होतो. मी ती ओळ दोन भागांत वाटून घेतली. पहिला भाग श्वास आत घेताना, दुसरा तो सोडताना. माझ्या गोल गोल फिरणाऱ्या प्रार्थनेला या एका ओळीने जागच्या जागी उभे केले, कारण तिच्यात ‘असे झाले तर’ याला जागाच नाही. पौलही ‘आपली मागणी देवाला कळवा’ एवढेच म्हणतो. कळवायचे आणि थांबायचे. चिठ्ठीवरही एकच ओळ मावते, हे मला तेव्हा सुचले.

पण हे वाचून कोणी समजू नये की त्या ओळीने माझी भीती गेली. काही रात्री ती जाते, काही रात्री जात नाही, आणि काही रात्री मी ती ओळ म्हणत म्हणतच रडते. अशा वेळी मला स्तोत्रसंहितेतल्या त्या स्तोत्रांचा आधार वाटतो, जी आपण उपासनेत क्वचितच वाचतो. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारावरच संपते. शेवटी आशेचा एकही शब्द नाही. कोणा संपादकाने त्याला एक बरी शेवटची ओळ जोडली नाही, कोणी ते वगळले नाही. ते देवाला उद्देशून म्हटले गेले, आणि देवाला उद्देशून म्हटले गेले एवढ्यावरच ते पवित्र शास्त्रात राहिले. आणि छप्पन्नाव्या स्तोत्राचा कर्ता ‘मला भीती वाटणार नाही’ असे म्हणण्याच्या आधी ‘मला भीती वाटेल तेव्हा’ असे म्हणतो. त्या ‘तेव्हा’ या शब्दावर मी अनेक रात्री विसावले आहे.

आणि मग गेथशेमाने.

येशूने धरले जाण्याआधी प्रार्थना केली ती ही बाग. तिथे जाताना मी नेहमी थोडी कचरते. येशू आपल्या तिघा जवळच्या शिष्यांना बरोबर घेतो आणि त्यांना सांगतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही इथे राहा आणि जागे राहा. देवाचा पुत्र मित्रांना सोबत मागतो आणि ते झोपी जातात. तो प्रार्थना करतो, परत येतो, पुन्हा जातो, आणि मत्तय लिहितो की तिसऱ्या वेळीही त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले. तेच शब्द. नवे शब्द सुचत नाहीत म्हणून मी स्वतःला किती दोष दिला होता! लूक सांगतो की स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला शक्ती देतो, आणि लूकच्या ओळींचा क्रम पाहिला तर रक्ताच्या थेंबांसारखा घाम त्यानंतरच्या वचनात आहे. शक्ती मिळाली, आणि तरीही तो कासावीस झाला आणि अधिक कळकळीने प्रार्थना करू लागला. दुःखाचा जो प्याला टळावा म्हणून तो विनवत होता, तो टळला नाही. यानंतर ‘अल्पविश्वासी’ हा शब्द मी पुन्हा ऐकला तेव्हा त्यातला आवाज मला निराळा ऐकू आला. थरथरणाऱ्या माणसाला हाक मारणारा तो स्वतःही त्या बागेत जमिनीवर पालथा पडलेला होता. आई मुलाला ‘घाबरट’ म्हणते आणि म्हणता म्हणता पदराखाली घेते, तसा काहीसा तो आवाज होता.

आता त्या निळ्या शाईच्या चिठ्ठीविषयी. नियमाप्रमाणे मी आठवडाभर तिच्यासाठी प्रार्थना केली. लिहिणारे कोण हे मला ठाऊक नव्हते आणि आजही नाही. अक्षरावरून स्त्री की पुरुष हेही सांगता आले नसते. पण त्या सात दिवसांत एकदाही माझ्या मनात आले नाही की या माणसाचा विश्वास कमी पडतो आहे. एकदाही मी देवाला म्हटले नाही की याला आधी नीट प्रार्थना करायला शिकव आणि मग शांती दे. मी फक्त म्हणत होते, प्रभू, त्याच्याजवळ राहा. तिला झोप दे. तो आत्ता जागा असेल तर त्याला कळू दे की कोणीतरी त्याच्यासाठी जागे आहे. चौथ्या रात्री, तीनच्या सुमारास, हीच वाक्ये पुटपुटत असताना माझे मलाच जाणवले की जी दया एका अनोळखी अक्षरासाठी इतक्या सहज माझ्या तोंडी येते, ती मी स्वतःसाठी कधीच मागितली नव्हती. माझ्या जवळ असलेली दया इतकी असेल, तर ज्याच्याकडून ती आली त्याच्याकडे ती किती असेल! त्या रात्रीही छाती धडधडत होतीच. मी उठले, पाणी प्यायले, खिडकीजवळ बसले आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून दोघांसाठी मिळून एकच प्रार्थना केली. ‘माझी’ असे न म्हणता ‘आमची’ म्हटले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत आरंभापासून शेवटपर्यंत ‘आम्ही’च आहे, खोलीत एकटे असतानाही आपण तिथे ‘आमच्या पित्या’ असेच म्हणतो, हे मला त्या खिडकीशी पहिल्यांदा समजले.

पुढच्या सभेला मी जरा लवकर गेले. नवा कागद घेतला नाही. शास्त्रातून ती जुनी चिठ्ठी काढली. घामाने पसरलेली शाई सुकून तिचा फिकट डाग उरला होता, तरी अक्षरे वाचता येत होती. खाली थोडी जागा होती, तिथे मी लिहिले : ‘मागच्या आठवड्यात ज्यांची निळ्या शाईतली चिठ्ठी मला मिळाली, त्यांच्यासाठीही.’ टोपली आली. जुन्याच घड्यांवर कागद दुमडला आणि आत टाकला. चिठ्ठी इतर चिठ्ठ्यांवर पडली, टोपली पुढे गेली आणि दुसऱ्यांदा फिरत आली तेव्हा माझी आत नव्हती. कोणी नेली ते मी पाहिले नाही. सभा संपल्यावर दाराशी हस्तांदोलन करताना एका वयस्कर बाईंनी माझा हात नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ धरून ठेवला असे मला वाटले. पण त्या सर्वांचाच हात तसा धरतात.

त्या आठवड्यात दोनदा जाग आली. दोन्ही वेळा मी घड्याळ पाहिले नाही. श्वास लांब सोडत ती एक ओळ म्हटली, निळ्या शाईच्या माणसाला देवापुढे नेले, आणि मग कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी उशाशी, घामाचा डाग पडलेला माझा कागद ठेवलेला असेल, या विचाराशी थांबून अंधारात कान देऊन पडून राहिले.